इतिवृत्त, विषय क्रमांक सात

रिगा महापालिकेत इतिवृत्त लिहायचं काम माझं.
कोण उठलं, किती मिनिटं बोललं, ठरलं काय.
खोकला लिहायचा नाही. उसासा लिहायचा नाही.

विषय सात: स्टेशनामागचा जुना मालधक्का.
साडेचार हेक्टर. बाजारापासून पायी बारा मिनिटं.
नकाशावर करडा चौकोन, शेजारी शेरा:
"पुरेशा वापरात नाही."

आधी गुंतार्स, वास्तुरचनाकार.
पडद्यावर त्यानं उन्हाळा आणला,
एवढा, की लोकांनी कोट काढून मांडीवर घेतले.
काचेच्या सहा इमारती, गच्चीवर बर्चची झाडं,
सायकलवर हसणारी माणसं;
एकाच्याही पायाशी सावली नव्हती.

मग स्कायद्रितेबाई. वय एकोणऐंशी.
तिसऱ्या रुळाच्या कडेनं त्यांचा वाफा:
गूजबेरीची अकरा झुडपं, बटाटे, आणि शेपू,
जो कुणी न पेरता दरवर्षी येतो.
"वापरात नाही म्हणजे कुणाच्या?"
विचारलं, आणि पिशवीतून बरणी काढून
अध्यक्षांपुढे आदळली.
काकडीचं लोणचं.
मी लिहिलं: नागरिकाने पुरावा सादर केला.

एडविन्स उठला, बाहीला अजून बेकरीचं पीठ.
एका खोलीत तो, बायको, दोन पोरं,
आणि पडद्यापलीकडे सासू, जिला झोप लागत नाही.
"तुमच्या शेपूखाली माझी मुलं झोपतील का, बाई?"
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
स्कायद्रितेबाईंनी बरणीचं झाकण नुसतं घट्ट केलं.
कुणीतरी गुंतार्सला विचारलं, सहा इमारतींतल्या
किती खोल्या बेकरीच्या पगारात बसतील?
तो म्हणाला, ते परिशिष्टात आहे.
मी परिशिष्ट उघडलं. त्यात पार्किंग होतं.

रोदिऑन सावेलिच रशियनमध्ये बोलला.
चाळीस वर्षं त्यानं तिथं डबे जोडले, सोडवले.
"खणा," म्हणाला, "तेल लागेल.
कुणी सांडलं म्हणून समिती नेमू नका. मीच सांडलं."
हसू सभागृहात दोनदा आलं:
आधी भाषा येणाऱ्यांचं,
मग कानाला यंत्र लावलेल्यांचं,
जरा उशिरानं, जरा मोठ्यानं.

ते विरायच्या आत मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली.
नाव सांगितलं नाही.
"माझ्या आईची गाडी तिथूनच सुटली होती. मार्चमध्ये.
पाच वर्षांची होती ती."
आणि बसली.
तीन मिनिटांतली अकरा सेकंदं वापरली तिनं.
उरलेली कुणी मागितली नाहीत.

ठराव पुढच्या सभेवर गेला.
दिवे मालवताना बरणी टेबलावरच होती.
मी ती कोटात घेतली.

बाहेर गुडघाभर बर्फ. रस्त्यानं वळसा दीड किलोमीटरचा,
म्हणून सगळे कुंपणाकडे,
जिथं जाळी फाटलीय कधीची.
आत पांढऱ्यावर एक काळी पायवाट,
एका माणसाच्या रुंदीची,
या टोकापासून थेट ट्रामच्या थांब्यापर्यंत.
नकाशात ती नाही. बर्फ पडला की दिसते.
एडविन्स केव्हाच पुढे गेला होता;
भट्टी पेटवायला पाच तास उरले होते.

फटीशी गुंतार्स, नकाशांची गुंडाळी काखेत,
एका हातानं जाळी उचलून धरलेली.
स्कायद्रितेबाई वाकल्या, थबकल्या.
"वरची नव्हे रे, खालची तार धर.
वरची कोटाला लागते. कधी आला नाहीस का इथून?"
"रोज येतो," तो म्हणाला,
आणि खालची धरली.

मागून मी, बरणी पोटाशी,
लोणच्याचं पाणी पावलागणिक हिंदकळत.
"अगं ए, लिहिणारे," पुढच्या अंधारातून हाक आली,
"बरणी परत हवीय मला. धुऊन."